कुंभकोणमला मुक्काम कुठे कराल?

सहल ठरली की आपण काय करतो? आधी तिकिटं काढतो. मग काय काय पाहायचं त्याची यादी करतो. आणि सगळ्यात शेवटी, रात्री झोपायच्या आधी, मोबाईलवर हॉटेल शोधतो. चार फोटो बघायचे, रेटिंग बघायचं, सकाळचा नाश्ता त्यातच आहे ना एवढं पाहायचं आणि पैसे भरून मोकळं व्हायचं.

मीही तेच केलं होतं. त्याची किंमत माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईने मोजली. तुमच्या घरच्या कुणाला ती मोजावी लागू नये, म्हणून हे लिहिते आहे.

आधी गाव समजून घ्या

कुंभकोणम तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात आहे. तंजावरपासून साधारण चाळीस किलोमीटर, चेन्नईपासून सुमारे तीनशे. उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार, आणि या दोन नद्यांच्या मधे वसलेलं हे गाव. प्रलयाच्या वेळी अमृताचा कुंभ वाहत आला आणि इथे फुटला, अशी गावाच्या नावामागची कथा सांगतात.

गावात देवळं किती, हे मोजायला बसू नका. आदि कुंभेश्वर, सारंगपाणी, चक्रपाणी, रामस्वामी, नागेश्वर ही मोठी देवळं जुन्या गावातच, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. गावाबाहेर तीन-चार किलोमीटरवर दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधलेलं हे देऊळ २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. जवळच स्वामिमलै. तिथे मेणाचा साचा करून पंचधातूच्या मूर्ती ओतणारे कारागीर आजही काम करतात. शिवाय नवग्रहांची देवळं याच भागात विखुरलेली असल्यामुळे त्या यात्रेला निघालेली बरीच मंडळी मुक्काम कुंभकोणमलाच ठेवतात.

आपल्या मराठी माणसाला तर या गावाशी नातं सांगायला आणखी एक कारण आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला राज्य स्थापन केलं आणि ते १८५५ पर्यंत टिकलं. त्यांच्याबरोबर आलेली कितीतरी मराठी घराणी कावेरीकाठी रुजली. पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली याच कुंभकोणमला एका मराठी देशस्थ कुटुंबात जन्मले. तेव्हा 'आपलं तिकडे कोण आहे' असं म्हणू नका.

आमचं काय चुकलं

आम्ही चौघं होतो. मी, माझे यजमान, आमची बारा वर्षांची लेक आणि आई. आईचे दोन्ही गुडघे दुखरे. चालते, पण बेताबेताने, आणि जिना म्हटलं की आधी वर किती पायऱ्या आहेत ते बघते.

मी निवडलेलं हॉटेल फोटोत झकास होतं. पांढऱ्याशुभ्र चादरी, मोठा टीव्ही, खाली झुंबर लावलेली बैठक. रेटिंगही उत्तम. फक्त ते गावाबाहेर, बाहेरून जाणाऱ्या रस्त्यावर होतं. 'रिक्षा मिळेल की,' असं म्हणून मी त्याकडे दुर्लक्ष केलं.

चेन्नईच्या एगमोर स्टेशनवरून रात्रीच्या गाडीने निघालो आणि उजाडण्याआधीच कुंभकोणमला उतरलो. हॉटेलवर पोचलो तर काउंटरवरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, खोली दुपारी बारा वाजता मिळेल." नियम नियमच होता, तो बुकिंगच्या पानावर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलाही होता. मी वाचला नव्हता, इतकंच. झुंबराखालच्या त्या मऊ सोफ्यावर आई बसून राहिली. रात्रभर गाडीत नीट झोप नाही, अंघोळ नाही. मी दर पंधरा मिनिटांनी विचारत होते आणि ती दर वेळी म्हणत होती, "मी ठीक आहे गं."

खोली मिळाली ती दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण त्या दिवशी बंद. आई कठडा धरून वर गेली. संध्याकाळी आम्ही सारंगपाणीला निघालो तेव्हा ती जिन्यापाशी आली, खाली बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी इथेच बसते."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. घरातली मोठी माणसं ते फार सहज म्हणतात. आपल्याला वाटतं त्यांना कंटाळा आला असेल, दमली असतील. खरं म्हणजे त्यांनी मनातल्या मनात हिशोब केलेला असतो, की आपल्यामुळे किती जणांचा किती खोळंबा होईल. ज्या देवळांसाठी आई एवढ्या लांब आली होती, ती देवळं तिथे उभी होती आणि आई दुसऱ्या मजल्यावर टीव्ही बघत बसली होती. तमिळ टीव्ही.

इथे खोली रात्रीपेक्षा दुपारी जास्त लागते

दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलेली गोष्ट आधी सांगते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. इथली बहुतेक देवळं पहाटे उघडतात आणि दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास बंद होतात. ती पुन्हा उघडतात चार-साडेचारला, आणि मग रात्री आठ-नऊपर्यंत उघडी असतात.

म्हणजे मधले चार तास तुम्ही काय करणार? ऊन मी म्हणत असतं. देवळाच्या दगडी फरशीवर पाय ठेववत नाही. जेवण झालं की पाठ टेकायला जागा हवी. हॉटेल गावाबाहेर असेल तर दिवसातून दोनदा जाणं आणि दोनदा येणं होतं. खर्च राहू दे, त्यात माणूस दमतो. म्हाताऱ्या माणसाने आणि लहान मुलाने संध्याकाळी परत निघायला नकार दिला, तर त्यांचं काही चुकत नाही.

म्हणून मुक्कामाची जागा निवडताना मी आता तीन भाग डोळ्यांपुढे ठेवते.

पहिला भाग स्टेशन आणि महामहम तलावाच्या आसपासचा. हा तलाव मोठा आहे, सुमारे सहा एकरांचा, आणि त्याच्या काठाने सोळा मंडप आहेत. स्टेशन आणि जुनं गाव यांच्या मधे तो पडतो. रात्री उशिरा पोचणाऱ्यांना किंवा पहाटेची गाडी पकडणाऱ्यांना इथे राहणं सोयीचं. बस आणि रिक्षा लगेच मिळतात. मात्र रस्त्याकडच्या खोलीत हॉर्न ऐकत झोपायची तयारी ठेवा, किंवा मागच्या बाजूची खोली मागा.

दुसरा भाग जुन्या गावाचा, म्हणजे कुंभेश्वर आणि सारंगपाणी या देवळांच्या भोवतालचा. इथे मोठी हॉटेलं कमी, लॉज जास्त. खोल्या साध्या, लहान, काही तर अगदीच जुन्या. पण दाराबाहेर पाऊल टाकलं की देऊळ. सारंगपाणीचं अकरा मजली गोपुर डोळ्यांसमोर असतं. याच सारंगपाणीच्या समोरच्या रस्त्यावर गणितज्ञ रामानुजन यांचं बालपणीचं घर आहे. बसकं, कौलारू, बाहेर ओटा असलेलं ते घर आता जतन करून ठेवलं आहे. मुलांना आवर्जून दाखवा.

तिसरा भाग गावाबाहेरचा. नारळीच्या बागा, भातशेती, जुन्या धर्तीच्या घरांसारखी बांधलेली रिसॉर्ट. स्वतःची गाडी असेल, दोन-तीन दिवस निवांत काढायचे असतील आणि देवळांची घाई नसेल, तर इथे फार सुख आहे. एका रात्रीसाठी मात्र ते पैसे वाया जातात. सकाळी आठला बाहेर पडून रात्री नऊला परत येणार असाल, तर बाग बघणार कधी?

फोन उचला आणि विचारा

ॲपवर बुकिंग करा, माझी ना नाही. पण पैसे भरण्यापूर्वी एकदा फोन करा. काउंटरवर कामापुरतं इंग्रजी समजतं, हिंदीची खात्री नाही. मी विचारते ते प्रश्न असे.

खोली किती वाजता मिळेल? काही ठिकाणी दुपारी बारा ते बारा असा हिशोब असतो, काही लॉजमध्ये तुम्ही आल्यापासून चोवीस तास. पहाटे पोचणाऱ्यांसाठी हा फरक फार मोठा आहे. चोवीस तासांची सोय नसेल तर आदल्या रात्रीचे अर्धे भाडे भरून पहाटे खोली मिळते का, तेही विचारा.

तळमजल्यावर खोली आहे का? लिफ्ट असेल तर ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते की आधी पाच-सहा पायऱ्या आहेत?

कमोड आहे का? गुडघे दुखणाऱ्यांसाठी हा प्रश्न एसीच्या आधी येतो. बाथरूमची फरशी गुळगुळीत आहे का, दाराशी उंच उंबरठा आहे का, हेही विचारायला लाजू नका.

गरम पाणी किती वाजता येतं? बऱ्याच ठिकाणी सकाळी ठरावीक वेळच येतं. पहाटेच्या पूजेला जायचं असेल तर सातला येणारं पाणी काय कामाचं? "सुडु तण्णी" म्हणजे गरम पाणी, एवढे दोन शब्द पाठ करून ठेवा. तुम्ही ते उच्चारलेत की समोरचा माणूस हसतो आणि पुढचं बोलणं सोपं होतं.

खाली किंवा शेजारी लग्नाचा हॉल आहे का? पाटीवर 'महाल' किंवा 'कल्याण मंडपम' दिसलं की समजायचं. तमिळ लग्नांचे मुहूर्त बऱ्याचदा सकाळी लवकरचे असतात आणि नादस्वरम त्याच्याही आधी सुरू होतं. ऐकायला ते फार गोड आहे, पण झोपेत नाही.

डासांसाठी खिडक्यांना जाळी आहे का? हा नदीच्या पाण्याचा, भातशेतीचा मुलूख आहे. जाळी नसेल तर उदबत्तीच्या शेजारी कासवछाप लावायची सोय आपणच न्यायची.

आणि एक छोटी गंमत. तमिळनाडूत 'हॉटेल' अशी पाटी दिसली तर ती बहुधा खाण्याची जागा असते. आपल्याकडेही 'हॉटेलात चहा पिऊ' म्हणतोच की. राहायची जागा हवी असेल तर 'लॉज' किंवा 'रेसिडेन्सी' शोधा. हॉटेलात शिरलात तर कुंभकोणमची कडप्पा मागवा. मूगडाळ आणि बटाट्याचा हा पातळसर रस्सा इडलीबरोबर खातात. वर पितळी डबरा-टंबलरमधली डिग्री कॉफी. ती एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायला मुलांना फार आवडतं.

कधी जाताय, तेही बघा

धनुर्मासात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, देवळं नेहमीपेक्षाही लवकर उघडतात. भल्या पहाटे ध्वनिक्षेपकावर भक्तिगीतं सुरू होतात आणि दारोदारी मोठमोठ्या रांगोळ्या दिसतात. हवाही बरी असते. त्या दिवसांत देवळाशेजारी राहणार असाल तर लवकर उठायच्या तयारीनेच जा.

आणखी एक तारीख लक्षात ठेवा. दर बारा वर्षांनी इथे महामहम भरतो. मागचा २०१६ च्या फेब्रुवारीत झाला, पुढचा २०२८ मध्ये आहे. गुरू सिंह राशीत आला की आपल्या नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ असतो, त्याच योगावर कुंभकोणमचा महामहमही. लाखो लोक त्या तलावात स्नान करायला येतात. १९९२ च्या महामहमात चेंगराचेंगरी होऊन माणसं दगावली होती. त्या दिवसांत वयस्कर माणसांना घेऊन जायचं असेल तर मुख्य स्नानाचा दिवस टाळा आणि मुक्काम तंजावरला ठेवा.

मराठी राजाची धर्मशाळा

आता एक जुनी गोष्ट सांगते. हॉटेल निवडण्याशी तिचा फार जवळचा संबंध आहे.

तंजावरच्या मराठी राजांनी रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी ठिकठिकाणी छत्रं बांधली. तमिळमध्ये त्यांना 'चत्तिरम' म्हणतात. आपण 'अन्नछत्र' म्हणतो ना, त्याच कुळातला हा शब्द. बऱ्याच छत्रांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावं आहेत. तंजावरच्या दक्षिणेला ओरत्तनाडू इथे सरफोजीराजांनी १८०२ मध्ये उभारलेलं मुक्तांबाळ छत्र त्यांपैकीच एक.

१७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. तेव्हा छत्रांचं काय होणार, ही काळजी सरफोजीराजांना लागली. १८०१ साली त्यांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून छत्रांचं काम समजावून सांगितलं. ते वाचलं की थक्क व्हायला होतं. कोणत्याही जातीचा प्रवासी आला तरी त्याला जेवण मिळे. शिजवलेलं अन्न ज्याला चालत नसेल त्याला कोरडा शिधा. तान्ह्या मुलांना दूध. आजारी पडलेल्याला वैद्य आणि औषध, बरं होईपर्यंत राहायला जागा. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई, की अजून कुणी जेवायचं राहिलं असेल तर त्याने यावं.

त्या छत्रांत झुंबरं होती की नव्हती, याचा उल्लेख राजांनी केलेला नाही. मुक्कामाची जागा चांगली की वाईट, हे त्यांनी एकाच गोष्टीवरून ठरवलं होतं: आलेल्यांतल्या सगळ्यात गरजू माणसाची तिथे सोय होते का? तान्हं मूल, आजारी माणूस, उशिरा पोचलेला वाटसरू.

मला वाटतं, दोनशे वर्षांपूर्वीची ती कसोटी आजच्या मोबाईलवरही चालते. आपल्या चौघांत सगळ्यात अशक्त कोण? त्याला ही जागा झेपेल का? त्याचं उत्तर 'हो' असेल तर बाकीच्यांना ती झेपतेच.

दुसरी रात्र

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते झुंबरवालं हॉटेल सोडलं. एका रात्रीचे भरलेले पैसे गेले. यजमान थोडे कुरकुरले, पण आईच्या गुडघ्यांकडे बघून गप्प बसले. जुन्या गावात हिंडून सारंगपाणीजवळ एक लॉज शोधलं. तळमजला. खोली एवढीशी, भिंतीचा रंग उडालेला, टीव्ही जुना. बाथरूमला उंबरठा नव्हता आणि कमोड होता. चादरी जुन्या होत्या, पण स्वच्छ धुतलेल्या. बाहेर रस्त्याला लागून ओटा.

दुपारी देवळातून पाच मिनिटांत परत आलो, जेवलो, पडलो. चार वाजता आईच सगळ्यात आधी तयार होऊन ओट्यावर बसली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला मला जाग आली तर आई खोलीत नव्हती. तिच्या चपलाही नव्हत्या. मी घाबरून बाहेर आले. भाषा येत नाही, मोबाईल उशाशी तसाच पडलेला. लॉजच्या माणसाने हातानेच खूण केली, देवळाकडे. मी निघणार एवढ्यात ती येताना दिसली. केसांत मोगऱ्याचा गजरा, हातात केळीच्या पानात बांधलेला प्रसाद, चेहरा उजळलेला.

"अगं, सांगून तरी जायचं!" मी ओरडलेच.

"तुम्ही झोपला होतात," ती म्हणाली. "काकड आरतीसारखं काहीतरी चाललं होतं आत. छान झालं दर्शन. मग येताना कॉफी प्यायले."

"एकटीने? पैसे कसे दिलेस?"

"नोट पुढे केली, त्याने सुटे परत दिले. त्यात काय एवढं?"

गेल्या पाच-सहा वर्षांत आई कुठे एकटी गेल्याचं मला आठवत नव्हतं. दवाखान्यातसुद्धा कुणीतरी बरोबर असतंच. आणि इथे, जिथली पाटी वाचता येत नाही अशा गावात, ती आपली आपण देव बघून, कॉफी पिऊन आली होती. तिच्यात एका रात्रीत वेगळी ताकद आली नव्हती. मधला जिना गेला होता आणि देऊळ जवळ आलं होतं.

ती कॉफी कशी ओतून देतात ते आईने त्या दिवशी नातीला दोनदा करून दाखवलं.

तेव्हा कुंभकोणमला जा, किंवा पंढरपूरला जा, किंवा आणखी कुठे. खोलीचे फोटो बघा, रेटिंगही बघा. पण पैसे भरायच्या आधी बरोबर येणाऱ्या सगळ्यात थकलेल्या माणसाला एकदा डोळ्यांसमोर आणा आणि मगच फोन लावा. पहिला प्रश्न तळमजल्याचा विचारा.